मनगटाची खाच

१

आमच्या घरात एक पद्धत आहे. आमचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, आणि दुकानात आलेली एखादी वस्तू कशासाठी आहे हे कळलं नाही, तर ती तिथे मांडायची नाही. ती वर घरात आणायची आणि जेवणाच्या टेबलावर ठेवायची. उलगडा होईपर्यंत तिचा मुक्काम तिथेच. आम्ही तिच्याभोवती ताटं मांडतो, जेवतो, तिला हाताळून बघतो आणि एकमेकांची अक्कल काढतो. ज्याला शेवटी कळेल त्याला त्या दिवशी भांडी घासण्यातून सुट्टी. ही पद्धत माझ्या वडिलांची. ते म्हणायचे, वस्तूचा घाट फसवतो, झीज फसवत नाही. कुठे गुळगुळीत झालीय ते शोधा, तिथे हात ठेवा, पुढचं हातच सांगेल.

यात माझ्यापेक्षा बायको हुशार, आणि बायकोपेक्षा मुलगी. मुलगी लहान असताना एका पितळी चिमट्यावर आम्ही दोघं कितीतरी दिवस डोकं आपटत होतो. मुलगी शाळेतून आली, दप्तर न काढता तो उचलला, उलटा धरला आणि म्हणाली, हा हातमोज्याची बोटं रुंद करायचा आहे, आणि आज भांडी बाबांची. आता तर आमच्या तिघांचेही हात असे झालेत की टेबलावर काही पडलेलं असलं की ते आपणहून झिजेवर जाऊन बसतात. बोलणं चालू असतं, लक्ष दुसरीकडे असतं, आणि हात आपलं काम करत असतो. हे आधीच सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात आम्ही कुणीच काही जगावेगळं केलं नाही.

त्या वर्षी मुलीचं बाळ गेलं. ती आणि जावई दुसऱ्या शहरात असतात. बाळ थोडेच दिवस राहिलं. नाव ठरायचं होतं, तोवर सगळे त्याला टिल्लू म्हणत होते, तेच राहिलं. बायको मुलीजवळ राहून परत आली ती रडत आली आणि आल्यावरही रडतच राहिली. तिचं रडणं वेळकाळ बघायचं नाही. भांडी पुसताना, गिऱ्हाइकाला पुडकं बांधून देताना, कधीही. एकदा एका बाईनं पाळणा आहे का म्हणून विचारलं, तर त्या बिचारीला दुपारभर हिला धरून बसावं लागलं. मी रडायचो नाही असं नाही. मी गुदामात जाऊन रडायचो. पुरुषाला एक गुदाम असलेलं बरं असतं.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. दोघी मायलेकी समोरासमोर रडायच्या, मग नाकं पुसायच्या, मग काय जेवलीस म्हणून विचारायच्या. मला ते बघवायचं नाही. पण मुलगी तगून होती ती त्यावरच. ती मला एकदा म्हणाली, "बाबा, इथे सगळे म्हणतात, विसर आता. एकटी आई तेवढी म्हणत नाही."

२

अशात एक घर रिकामं करून द्यायचं काम आलं. एक म्हातारी बाई एकटी राहायची, ती गेली होती. किल्ली तिच्या भाच्याकडे होती. भाचा बोलका होता. मी कपाटं उघडून बघत होतो आणि तो माझ्या मागे मागे खोलीतून खोलीत फिरत बोलत होता.

"मावशीसारखं शांत माणूस मी दुसरं बघितलं नाही," तो म्हणाला. "माझी आई गेली, म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. आम्ही सगळे सुन्न. मावशी आली, बसली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, चहा टाकलाय का कुणी?"

"धक्का बसला असेल," मी म्हणालो.

"आम्हालाही तसंच वाटलं. पण नाही हो. शेवटपर्यंत तशीच. कुणावर राग नाही, कुणावर लोभ नाही. त्रास म्हणून नाही दिला कुणाला."

मागच्या खोलीत एक टेबल भिंतीला लावल्यासारखं होतं. लावल्यासारखं म्हणतो, कारण टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक खुर्ची होती. अशी अडकवलेली, की तिच्यावर उंदीर बसला असता तर बसला असता, माणूस नाही. या बाजूला दुसरी खुर्ची होती, ती साधी, बसण्यासारखी. मी टेबल ओढलं. भिंतीकडच्या खुर्चीपुढे फरशीला दोन खोलगट झिजा होत्या, वर्षानुवर्षं एकाच जागी पाय ठेवले की होतात तशा. या बाजूच्या खुर्चीपुढे काहीच नव्हतं.

पूर्वी इथे टेबल नसेल, भिंतीशी उभं राहून कुणी काही काम करत असेल, असं मी मनाला सांगितलं. मन म्हणालं, बरं.

ती वस्तू टेबलावर होती. बुटाच्या खोक्याएवढी लाकडी पेटी, काळपट, जड. वरच्या बाजूला चामडं लावलेली एक खाच, पन्हळीसारखी. एका बाजूनं पितळी दांडा बाहेर आलेला, त्याला फिरवायची मूठ, मुठीला हाडाचं बोंड. कुठे अक्षर नाही, आकडा नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. खाचेतलं चामडं झिजून तुकतुकीत झालं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते होय," भाचा म्हणाला. "ते मावशीचं असतंय नेहमी टेबलावर. काय आहे ते कुणी विचारलंच नाही बघा."

३

"हे काय आणलंत, उंदराचा पलंग?" बायको म्हणाली.

रडून डोळे सुजलेले असले तरी वस्तू दिसली की तिची जीभ धारेला लागायची. मी पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली. शिवणाच्या यंत्राचा भाग असेल, लोकर गुंडाळायची असेल, दळायचं काही असेल, असं आमचं चाललं होतं. दळायचं म्हणावं तर दाणा घालायला तोंड नव्हतं. मूठ फिरवली तर फिरायची, आणि बिनदाण्याचं जातं फिरवावं तसा कोरडा आवाज यायचा. फिरून काहीच व्हायचं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा बायकोनं तिला वस्तू दाखवली. मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"जवळ धर. खाच दाखव," ती म्हणाली. मग म्हणाली, "मनगटाची जागा आहे ती, आई. पालथं नाही, उताणं. नाडी बघायचं काहीतरी असणार."

"आणि मूठ कशाला गं?"

"मूठ पलीकडे आहे ना? म्हणजे ती समोरच्यासाठी. दोन माणसांचं आहे ते. एकानं हात ठेवायचा, दुसऱ्यानं फिरवायचं."

"घ्या," बायको मला म्हणाली. "लेक तिकडे बसून जिंकली. भांडी तुमची."

टिल्लू गेल्यानंतर पहिल्यांदा मी या दोघींना एकाच वेळी हसताना बघितलं. मला फार बरं वाटलं. बायकोनं मुलीला दाखवायला म्हणून मनगट त्या खाचेत उताणं ठेवलं.

"मापाचं आहे अगदी," ती म्हणाली. "गार लागतंय."

पलीकडची मूठ थोडीशी फिरली. मी टेबलाला रेललो होतो, धक्का लागला असेल. फोनवर मुलगी काहीतरी सांगत होती आणि बायको ऐकत होती. जरा वेळानं फोन ठेवला. भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की आज दोघींमधली एकच रडली.

४

त्यानंतर बायकोला झोप लागायला लागली. सकाळी उठून ती दुकानात यायची, गिऱ्हाइकांशी नीट बोलायची. मी म्हटलं, सुटलो. शेजारीपाजारी म्हणाले, काळ हेच औषध. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा ती टेबलाशी बसायची, मनगट खाचेत ठेवून. "काय करतेस?" विचारलं तर म्हणायची, "बसलेय. बरं वाटतं." बरं वाटत असलेल्या माणसाला कुणी उठवतं का?

एक दिवस जळका वास आला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. ती तापलेलं पातेलं उघड्या हातानं धरून उभी होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

"अगं, हात," मी म्हणालो.

तिनं हाताकडे बघितलं. "हो की," ती म्हणाली, आणि पातेलं सावकाश खाली ठेवलं. तळव्याची कातडी पातेल्याला चिकटून राहिली होती. मी हात पाण्याखाली धरला, मलम लावलं, पट्टी बांधली. ती माझ्याकडे बघत होती, टाके घालणाऱ्या शिंप्याकडे बघावं तशी.

त्याच संध्याकाळी फोनवर मुलगी सांगत होती की रस्त्यात एक बाई बाळाला घेऊन चालली होती आणि तिला पुढे पाऊल टाकता येईना, एका पायरीवर बसून राहावं लागलं. सांगता सांगता ती हुंदके द्यायला लागली. बायको बातम्या बघितल्यासारखी बघत होती.

"ठेवू का गं?" ती मध्येच म्हणाली. "दूध उतू जाईल."

शेगडीवर दूध नव्हतं. शेगडी बंद होती. मुलीनं माझ्याशी बोलायचं म्हटलं, आणि मी फोन घेऊन जिन्यात गेलो.

"बाबा, आईला काय झालंय?"

"दमलीये," मी म्हणालो.

"दमलेलं माणूस असं नसतं. दमलेलं माणूस मला कळतं."



५

घड्याळजी माझा जुना मित्र. दोघांनी एकाच गल्लीत दुकान टाकलं आणि एकाच गल्लीत केस गमावले. बायको बाजारात गेलेली बघून मी पेटी पिशवीत घालून त्याच्याकडे नेली. त्यानं तळाचे स्क्रू काढले, दिवा आत धरला आणि एकेक कोपरा बघितला.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे मोडलंय?"

"मोडायला काही असावं लागतं, बाबा. आत रिकामं आहे. ना चाक, ना कमान. दांडा बोटभर आत येतो आणि संपतो. नुसता हवेत फिरतो." त्यानं मूठ फिरवून दाखवली. "तुला कुणीतरी गंडवलंय. शोभेची वस्तू आहे ही."

"मग झिजली कशानं?"

झीज हा शब्द ऐकून त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि हाडाचं बोंड फिरवून फिरवून बघितलं. "हो रे. हे मात्र खूप वापरलंय." मग त्यानं ते मुठीत धरलं, सोडलं, उलटीकडून धरलं, डाव्या हातात घेतलं. "हा हात कुणाचा रे?" तो म्हणाला.

मी बघितलं. चार बोटांच्या चार बारीक खाचा होत्या, आपल्यापेक्षा लांबट. पण अंगठ्याची खाच अंगठ्याच्या जागी नव्हती. ती पलीकडे होती, करंगळीच्याही पुढे. मी माझा हात बसवून बघितला, माझाही बसेना. माझा हात झिजेवर बसला नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"दोघांनी धरलं असेल," घड्याळजी म्हणाला. "आधी एकानं, मग दुसऱ्यानं." त्यानं स्क्रू परत बसवले आणि पेटी माझ्याकडे सरकवली. एरवी तो अशी चीज आठवडाभर ठेवून घेतो. "घेऊन जा," तो म्हणाला. "इथे जागा नाही."

६

मी पेटी परत टेबलावर ठेवली, कारण दुसरीकडे ठेवली असती तर बायकोला काय सांगायचं, हा प्रश्न होता. पेटी हलली होती हे तिला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल बदललेलं दिसलं. तिनं ते भिंतीपासून थोडं ओढून पलीकडे एक खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीवर बैठकीच्या खोलीतली गुबगुबीत गादी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"समोर जागा नसली की हात नीट बसत नाही," ती म्हणाली. तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

त्या दुपारी मी दुकान झाडायला खाली गेलो आणि चष्मा विसरला म्हणून परत वर आलो. भर दुपार होती, खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलेलं. कोरडा आवाज येत होता, जातं सावकाश फिरावं तसा. बायको माझ्याकडे पाठ करून, जराशी तिरकी बसली होती. डावं मनगट खाचेत. उजवा हात मांडीवर, पट्टी बांधलेला. दोन्ही हात मला दिसत होते आणि मूठ फिरत होती.

उतार असेल, मी मनात म्हटलं. फिरायला लागली की वजनानं फिरत राहत असेल. मी मोजून मापून कारणं शोधत होतो आणि तोवर ती फिरतच होती, एका लयीत, काम माहीत असलेल्या हाताची असते तशी लय. मग बायकोनं मनगट उचललं आणि आवाज थांबला.

"झालं," ती म्हणाली. माझ्याशी नाही. मी आलोय हे तिला माहीत नव्हतं.

माझी नजर पलीकडच्या खुर्चीवर गेली. गादी दबलेली होती, मध्यभागी, खोलवर. मी बघत असताना ती हळूहळू फुगली. माणूस उठून गेल्यावर गादी फुगते, तशी. खुर्ची किंचित मागे सरकली आणि भिंतीला टेकली.

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. गुदामात जाऊन बसलो. मी भ्यालो होतो. हे मी आत्ता आठवणीनं सांगतोय. भ्यालो होतो हे लक्षात आहे, भ्यायलं की कसं वाटतं ते तितकंसं नाही.

७

मी पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. संध्याकाळी ती परत टेबलावर होती. बायको त्याच्या अड्ड्यावर जाऊन घेऊन आली होती. भांडली नाही, रुसली नाही. पूर्वी तिच्या डब्याचं झाकण मी हलवलं तरी घर डोक्यावर घ्यायची.

मी बोललो तेव्हा. खूप बोललो. म्हणालो, तुझ्यातनं कुणीतरी काढून नेतंय, रोज थोडं थोडं. म्हणालो, पोरगी तिकडे एकटी रडतेय. म्हणालो, टिल्लूला तू आंघोळ घालायचीस तेव्हा तो तुझं बोट धरायचा, ते आठवतं का? मला वाटलं होतं यावर तरी तिचा बांध फुटेल.

"आठवतं," ती म्हणाली. "डाव्या हाताचं. हे बोट." तिनं बोट दाखवलं. सगळं आठवत होतं तिला. त्याचं वजन, त्याच्या कानाची ठेवण, दुपट्याचा रंग. विचारलं तर सांगत होती, हरवलेल्या छत्रीचं वर्णन सांगावं तसं. "झालं बोलून?" तिनं विचारलं. "तुम्हाला त्रास होतोय. एकदा बसून बघा ना."

मी बसलो नाही. कितीतरी दिवस बसलो नाही, पण त्या दिवसांत फोन मी घ्यायला लागलो. मुलगी रडायची आणि मी रडायचो, आणि फोन ठेवला की समोर बायको पालक निवडत बसलेली असायची. टिल्लूचं दुःख घरात दोघांचं होतं तेव्हा उचलवत होतं. एकट्याच्या अंगावर आल्यावर ते माझ्यानं उचलेना. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला माझी बायको हवी होती. ती समोर होती आणि मला तिची आठवण येत होती. वाटलं, ती जिथे गेलीय तिथे तरी जावं.

म्हणून एका दुपारी बसलो. मनाला सांगितलं की वडिलांचीच रीत आहे, वस्तू कळायची तर वापरून बघावी. मनगट खाचेत ठेवलं. चामडं गार होतं. डोळे मी टेबलाच्या कडेवर ठेवले आणि वर बघायचं नाही असं ठरवलं. खुर्ची करकरली. मग मनगटावर बोटं आली, नाडीवर, चार. हलकी होती. डॉक्टरची असतात तशी, घाई नसलेली. पाचवं बोट कोपराच्या बाजूला टेकलं, जिथे ते पोचायला नको होतं तिथे.

आवाज सुरू झाला. मी टिल्लूचा विचार करत होतो, धरून ठेवावं म्हणून मुद्दाम करत होतो. त्याचा चेहरा समोर होता आणि समोरच राहिला. कुठे गेला नाही. फक्त तो कुणाच्यातरी घरचा झाला, ज्यांना मी ओळखत नाही.

"झालं," मी म्हणालो. मला वाटतं मीच म्हणालो.

बायकोनं चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनी प्यायला. बरं वाटत होतं, हे खरं सांगायला हवं.

८

मुलगी न कळवता आली. दुपार होती. पिशवी खांद्यावर तशीच होती आणि ती दारात उभी राहून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"आज कोणती तारीख आहे?" ती म्हणाली.

बायकोनं तारीख सांगितली. बरोबर सांगितली.

"टिल्लूला आज वर्ष झालं असतं."

"हो का," बायको म्हणाली. "ये, बस ना. उन्हातनं आलीस."

मुलगी आत आली आणि टेबलाशी बसली. अलीकडची खुर्ची मोकळी होती, तिच्यावर. मी दाराजवळ उभा होतो. ती बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला. "तुम्ही दोघं फोनवर माझ्याकडे कसे बघता, माहितीये तुम्हाला? सासरचे बरे. ते निदान म्हणतात, विसर. तुम्ही तर विचारतसुद्धा नाही. आई, तुझ्या मांडीवर होता तो. तू मला काही देऊ नकोस, समजूत घालू नकोस, नुसती माझ्याबरोबर रड एकदा."

"रडून काय होणार?" बायको म्हणाली. ती खरंच विचारत होती. "कमी होतं की. तुझंही होईल."

"मला कमी व्हायला नकोय." मुलीनं तळहातानं डोळे पुसले. "हेच तुम्हाला कुणाला कळत नाही. त्याचं माझ्याकडे आहे काय? एक कपडा नाही धड, सगळं नवीनच होतं, न वापरलेलं. हे एवढंच आहे. हे दुखतं तेवढाच आहे तो."

डोळे पुसून झाल्यावर तिनं हात टेबलावर टाकला. ती आईकडे बघत होती, हाताकडे नाही. हात थोडा चाचपडला, पेटी लागली, पेटीवरून वर गेला आणि जिथे चामडं तुकतुकीत झालं होतं तिथे उताणा होऊन बसला. लहानपणापासूनची सवय.

मला दिसलं. मला काय म्हणायचं तेही माहीत होतं. हात काढ. दोनच शब्द, आणि मी चार पावलांवर होतो. मी भीती वाटायची वाट बघत होतो, कारण भीती वाटली की माणूस ओरडतो, धावतो, असं मला आठवत होतं. मी थांबलो. पलीकडची गादी हळूहळू दबली. बायकोनंही ते बघितलं आणि टेबलावरची पाण्याची बाटली जरा बाजूला घेतली, लागू नये म्हणून.

"त्याचे केस," मुलगी सांगत होती, "मागे मानेवर इतके मऊ होते ना बाबा, मी रात्रभर नुसतं तिथे नाक ठेवून…" मूठ फिरायला लागली होती. "नाक ठेवून पडायचे, आणि त्याला तो एक…"

ती थांबली. आवाज एका लयीत चालला होता. तिच्या गालावरून एक थेंब हनुवटीपर्यंत आला आणि तिनं तो पुसला नाही. मग तिनं खिडकीबाहेर बघितलं, समोरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, ते बघत राहिली.

"काय म्हणत होते मी?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"केसांचं काहीतरी," बायको म्हणाली. "हातपाय धुऊन घे. जेवायची राहिलीयेस ना?"

"हो. भूक लागलीये."

आम्ही ताटं मांडली, पेटीच्या भोवतीनं. मुलीनं नीट जेवण केलं. आता आलेच आहे तर राहते चार दिवस, म्हणाली. मध्येच तिचा फोन वाजला, जावयांचा होता. तिनं तो कानाला लावून बराच वेळ ऐकलं, मध्ये एकदा हं म्हणाली. मग म्हणाली, "तू पण ये ना इकडे. बरं वाटेल तुला," आणि फोन ठेवला.

"काय म्हणतायत?" बायकोनं विचारलं.

"रडतोय," मुलगी म्हणाली, आणि भाजी वाढून घेतली.